पुढची क्रांती मिठाच्या बॅटरीतून येईल

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत ‘येत्या वीस वर्षांत जग बदलणारे शोध’ म्हणून पानभर मजकूर आलाय तो दुकानात बसून सगळा वाचला. घरकाम करणारे रोबोट, उडणारी टॅक्सी, मंगळावरची वस्ती, क्वांटम कॉम्प्युटर आणि एआय तर प्रत्येक चौकटीत. मजा आली वाचायला, चित्रंपण झकास होती. पण अख्ख्या पानावर वीज साठवण्याबद्दल एक ओळ नाही हे बघून राहवलं नाही म्हणून हे पत्र. मी बार्शीत इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान चालवतो, शिक्षण आयटीआय इलेक्ट्रिशियन, म्हणजे शास्त्रज्ञ वगैरे काही नाही, पण बॅटरी रोज हातात असते आणि माझा अंदाज असा आहे की पुढचा मोठा धमाका बॅटरीत होणार, तोही साध्या मिठात जो सोडियम असतो ना त्याच्या बॅटरीत, आणि तो झाला हे आपल्याला सात-आठ वर्षांनी कळणार कारण त्याची हेडलाईन कधी होणारच नाही.

आधी मुळातली अडचण सांगतो. वीज म्हणजे असं दूध आहे की जे एका सेकंदात नासतं. ज्या क्षणाला तयार झाली त्याच क्षणाला कुणीतरी वापरली पाहिजे, नाहीतर ग्रिडची, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्याची, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून हलते आणि कंट्रोल रूममधल्या माणसांची पळापळ सुरू होते. कोळशावर सगळं चाललं होतं तोवर हे जमत होतं, मागणी वाढली की कोळसा जास्त टाका, कमी झाली की कमी. सोलर आल्यापासून गणित उलटं झालं. २०१७ साली राजस्थानात भाडला इथं सोलरची वीज २ रुपये ४४ पैसे युनिटने द्यायला कंपन्या तयार झाल्या तेव्हा केवढी चर्चा झाली होती, आणि २०२० च्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात हा भाव १ रुपया ९९ पैशांवर आला. दोन रुपयांत वीज! म्हणजे वीज स्वस्त करायचा प्रश्न तसा सुटला की. पण ही दोन रुपयांची वीज मिळते दुपारी, आणि आपल्याला पाहिजे असते संध्याकाळी सात वाजता जेव्हा घरोघरी दिवे, टीव्ही, पंखे, मिक्सर सगळं एकदम चालू होतं आणि सूर्य गेलेला असतो. मग वीज एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या घाऊक बाजारात, दुपारी भाव पडतो आणि संध्याकाळी तोच भाव १० रुपयांच्या ठरवून दिलेल्या मर्यादेला जाऊन टेकतो. राजस्थानात तर आता दुपारी सोलर प्रकल्पांना उत्पादन कमी करा म्हणून सांगावं लागतंय. तयार फुकट वीज सोडून द्यायची आणि रात्री कोळसा जाळायचा, हा उद्योग चाललाय आपला.

म्हणून मी म्हणतो दुपारची वीज संध्याकाळपर्यंत स्वस्तात धरून ठेवता आली की बाकीचं निम्मं आपोआप होतं.

आता कुणी म्हणेल बॅटरी तर जुनीच गोष्ट आहे. आहेच. माझ्या दुकानात आजही जी ट्युबलर बॅटरी सगळ्यात जास्त खपते ती शिसं आणि ॲसिडची, आणि शिशाच्या बॅटरीचा शोध गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये लावला. १८५७ चं बंड नुकतंच शमलं होतं तेव्हाची गोष्ट ही. एवढ्या वर्षांत प्लेटा सुधारल्या, डबे प्लास्टिकचे झाले, पण आत तत्त्व तेच आणि डिस्टिल वॉटर टाकायचं काम पण तेच, आणि ते गिऱ्हाईक कधीच वेळेवर टाकत नाही हेपण तेच. २००५ नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत या बॅटरीने अख्खा महाराष्ट्र सांभाळला. खेड्यात बारा-बारा तास वीज नसायची, तेव्हा दवाखाने, झेरॉक्सवाले, मोबाईल चार्जिंगवाले, सगळे हिच्यावर चालले, हे कुणाला आठवत नाही आता.

लिथियमची कहाणी जास्त बघण्यासारखी आहे. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा अमेरिकेतल्या एक्सॉन या तेल कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी पहिली रिचार्ज होणारी लिथियम बॅटरी बनवली. तेल कंपनीत बॅटरी, गंमतच आहे. ती पेट घ्यायची, पुढं तेल स्वस्त झालं आणि कंपनीचा रसही संपला. मग १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी त्यात कोबाल्ट आणला, १९८५ मध्ये जपानच्या अकिरा योशिनो यांनी ती सुरक्षित केली आणि १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली ती कशासाठी, तर व्हिडिओ कॅमेऱ्यासाठी. लग्नाच्या शूटिंगवाल्यांच्या हातात ती आधी आली, मग मोबाईलमध्ये, मग लॅपटॉपमध्ये, मग स्कूटरमध्ये. या तिघांना नोबेल मिळालं २०१९ मध्ये, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. बघा म्हणजे, शोध लागला तेव्हा जग बदललं नव्हतं आणि नोबेल मिळालं तेव्हा जग बदलून झालं होतं. मधल्या काळात कुठल्या दिवशी क्रांती झाली ते कुणाला बोट ठेवून सांगता येणार नाही.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो कारण आपल्या पेपरात हे कधी वाचलं नाही. आज सोलरच्या साठवणुकीत आणि बऱ्याच गाड्यांत जी लिथियम बॅटरी असते ती लोह-फॉस्फेटवाली, दुकानात आम्ही तिला एलएफपी म्हणतो. कोबाल्ट नाही म्हणून स्वस्त आणि सहसा पेटत नाही. ती निघाली टेक्सासला गुडइनफ यांच्या लॅबमध्ये आणि १९९७ च्या त्या मूळ पेपरवर गुडइनफ यांच्या आधी दोन नावं आहेत, पाधी आणि नंजुंदस्वामी. दोन्ही आपल्याकडची नावं. शोधात आपली माणसं, कारखाने सगळे चीनमध्ये, आणि आपण बॅटरी कंटेनरने आयात करतो. बोलायला गेलं तर खूप आहे, असो.

किंमत काय झाली ते बघा. २०१० मध्ये एक युनिट वीज साठवणाऱ्या लिथियम पॅकला हजार डॉलरच्या वर पडायचे, बाजाराची माहिती देणाऱ्या ब्लूमबर्ग कंपनीवाले दरवर्षी हा आकडा काढतात, २०२४ ला तो ११५ डॉलरवर आला होता. चौदा वर्षांत नव्वद टक्के उतार. सोनं, जमीन, सिमेंट, डिझेल, या काळात काय काय स्वस्त झालं सांगा बरं. आपल्या देशातला हिशोब पण असाच आहे, २०२२ मध्ये सरकारी कंपनीने बॅटरीच्या साठवणुकीचं पहिलं मोठं टेंडर काढलं तेव्हा मेगावॉटमागे महिन्याला १० लाख ८४ हजार रुपये भाडं निघालं होतं आणि २०२४ संपता संपता राजस्थानच्या टेंडरमध्ये तोच भाव सव्वादोन लाखांच्या आत आला. त्यात सरकारी अनुदान धरलेलं आहे हे खरं, तरीपण दोन वर्षांत पाचपट उतार म्हणजे काय चेष्टा नाही. याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली असेल, आली असेल तर.

आता सोडियमकडे येतो. लिथियम जगात मोजक्या ठिकाणी सापडतं आणि ते शुद्ध करायचं काम बहुतेक चीनच्या हातात. आपल्याकडे २०२३ मध्ये जम्मूच्या रियासीत ५९ लाख टनांचा साठा सापडला म्हणून पेढे वाटायचं बाकी होतं, पुढं लिलावाला पुरेसे लोकच आले नाहीत आणि तो रद्द करावा लागला. सोडियमला असलं काही नाही, समुद्र भरून आहे, मिठागरात आहे, धुण्याच्या सोड्यात आहे. शिवाय लिथियमच्या बॅटरीत एका बाजूला तांब्याचा पत्रा लागतो, सोडियमला दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालतं, आणि तांब्याचा भाव तुम्हाला माहितीच आहे, आमच्याकडं शेतातल्या मोटारीच्या केबली चोरीला जातात त्या कशामुळं. ही बॅटरी पूर्ण शून्यावर उतरवून ट्रकमध्ये टाकता येते, वाहतुकीत धोका कमी. थंडीत पण जास्त मान टाकत नाही.

चीनच्या सीएटीएल कंपनीने २०२१ मध्ये पहिली सोडियम बॅटरी दाखवली, किलोमागे १६० वॉट-अवर (हजार वॉट-अवर म्हणजे एक युनिट). २०२५ मध्ये नवी आणली ती १७५ ची आणि कंपनी म्हणते १०,००० वेळा चार्ज होईल. कंपनीचं म्हणणं आहे, आपण थोडं कमी धरूनच घ्यायचं, पण निम्मं खरं निघालं तरी पुष्कळ झालं. शिशाची बॅटरी किलोला तीस-चाळीस वॉट-अवर देते आणि रोज पूर्ण उतरवली तर तीन-चार वर्षांत बसते. चीनमध्ये २०२४ पासून सोडियमची मोठमोठी साठवण केंद्रं ग्रिडला जोडलीत, हुबेई प्रांतातलं एक तर १०० मेगावॉट-अवरचं आहे, म्हणजे एका दमात एक लाख युनिट. आपल्याकडे रिलायन्सने इंग्लंडमधली फॅराडियन ही सोडियमवालीच कंपनी २०२२ च्या सुरुवातीला विकत घेतली आणि पुण्याच्या केपीआयटी कंपनीने २०२३ च्या डिसेंबरात स्वतःचं सोडियम तंत्रज्ञान जाहीर केलं. पुण्यात! पण पुरवणीत मंगळ.

आता यातली दुसरी बाजू पण सांगितली पाहिजे, नाहीतर म्हणाल दुकानदार आहे, माल खपवतोय. सोडियमचा अणू मोठा आणि जड, त्यामुळे त्याच विजेला बॅटरी मोठी आणि जड होते. मोबाईलमध्ये ती येणार नाही, लांब पल्ल्याच्या गाडीत लवकर येणार नाही. चार्ज-डिस्चार्ज होताना व्होल्टेज फार वरखाली होतं म्हणजे आजचे इन्व्हर्टर तिला जसेच्या तसे चालणार नाहीत. आणि सगळ्यात मोठा दगा दिला तो लिथियमनेच, २०२२ च्या शेवटी चीनमध्ये लिथियम कार्बोनेट टनाला सहा लाख युआनच्या आसपास गेलं होतं तेव्हा सगळ्यांना सोडियमची आठवण आली, पुढच्या दीड-दोन वर्षांत ते एक लाखाच्या खाली आपटलं आणि सोडियमवाल्यांचा स्वस्तपणाचा मुद्दाच गेला. अमेरिकेतली नॅट्रॉन ही सोडियम कंपनी २०२५ च्या सप्टेंबरात बंद पडली. तरी माझा पैसा सोडियमवरच आहे. कारण सरळ आहे, घरात, शेतात, सबस्टेशनला बॅटरी जागेवरच बसून राहणार, तिथं वजनाला कोण विचारतो? तिथं फक्त भाव आणि आयुष्य बघतात. आणि लिथियमचा भाव खाली आला तसा परत वर जाणार नाही याची हमी कोण देणार.

आता आमच्या भागाचा हिशोब मांडतो, हा भाग मला सगळ्यात जास्त सांगायचाय. शेतीला थ्री फेज वीज मिळते ती आलटून पालटून, एक पाळी दिवसाची आठ तास आणि एक पाळी रात्रीची दहा तास. रात्रीची पाळी म्हणजे काय ते ज्याने पिकाला पाणी द्यायला दारं धरलीत त्यालाच कळतं, हातात टॉर्च, पायात काही नाही, चिखल, साप, विंचू, आणि जुन्नर-शिरूरकडं तर बिबट्या. कितीतरी माणसं यात गेलीत. सरकारने सौर कृषी वाहिनी योजना आणली, फीडर म्हणजे शेतीला वीज नेणारी लाईन सोलरवर टाकून दिवसा वीज द्यायची, उद्दिष्ट १६,००० मेगावॉटचं. मागेल त्याला सौर पंप पण आहे, दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला पाच टक्के. चांगली योजना आहे, आमच्याकडं शिवारात जिकडं बघाल तिकडं पॅनेल दिसतात. पण एक बघा, पाच एचपीच्या पंपाला पाचएक किलोवॉटचं पॅनेल बसतं आणि पावसाळ्यात, पीक निघाल्यावर, विहिरीला पाणी नसताना, वर्षातले कितीतरी महिने ते पॅनेल नुसतं ऊन खात उभं असतं. त्या विजेवर ना घरातला दिवा लागतो ना कडबाकुट्टी चालते.

समजा त्या पॅनेलखाली बॅटरी आहे. पाच एचपीची मोटार चार तास चालवायची म्हणजे साधारण पंधरा युनिट. आज माझ्या दुकानातली १५० एएचची ट्युबलर घेतली तर एका बॅटरीत पावणेदोनच्या जरा वर युनिट बसतात, त्यातले ऐंशी टक्केच काढायचे, म्हणजे दहा-अकरा बॅटऱ्या लागल्या, एकेक पंधरा हजाराला धरा, दीड लाखाच्या वर गेलं आणि वजन अर्ध्या टनाच्या पुढं. लिथियमच्या ११५ डॉलरच्या भावाने हाच हिशोब दीड लाखाच्या आसपास येतो, वर जीएसटी आणि इन्व्हर्टर वेगळा, पण टिकते तिप्पट-चौपट. म्हणजे शिसं आणि लिथियम आत्ताच बरोबरीला आलेत, गिऱ्हाईकाला अजून माहीत नाही एवढंच. आणि सोडियमचा भाव उद्या ४० डॉलरला आला तर तीच पंधरा युनिटं पन्नास हजारात बसतात. पन्नास हजारात आमच्याकडं एक बरी दुभती म्हैस पण येत नाही आता. त्या दिवशी काय होईल याचा विचार करा, शेतकरी संध्याकाळी स्वतःच्या सोयीने पाणी देईल, कडबाकुट्टी, पिठाची गिरणी, दुधाचा चिलर रानातच चालेल, द्राक्षवाला तोडलेला माल थंड खोलीत ठेवेल आणि व्यापाऱ्याला म्हणेल आज भाव नाही तर उद्या बघू. या एका ‘उद्या बघू’ साठी आमच्या भागातला द्राक्षवाला काय वाटेल ते द्यायला तयार होईल.

आणखी एक अंदाज, हा जरा लांबचा. सोडियम बॅटरीत लिथियमसारखं ग्रॅफाइट चालत नाही, हार्ड कार्बन म्हणजे वेगळ्या जातीचा कडक कार्बन लागतो, आणि तो नारळाच्या करवंट्यांपासून बनवून विकला जातो, उसाच्या बगॅसपासून म्हणजे रस काढून उरलेल्या चिपाडापासून करायचे प्रयोग पण बऱ्याच ठिकाणी झालेत. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत ते सांगायला नको. साखर, मग मळीचं अल्कोहोल, मग इथेनॉल, मग बगॅसवर वीज, आणि उद्या बगॅसमधून बॅटरीचा माल. कोकणात करवंट्या आणि मिठागरं, आमच्याकडं बगॅस, म्हणजे कच्चा माल सगळा घरचाच. पण कुठल्या कारखान्याच्या वार्षिक सभेत हा विषय निघालाय असं ऐकलं नाही, तिथं एफआरपीच्या म्हणजे उसाच्या ठरलेल्या भावाच्या पुढं गाडी जात नाही. आणि तिकडंही चूक नाही म्हणा, आधी मागचे पैसे द्या मग बॅटरी.

वीज साठवायचं जुनं काम आपल्याकडं धरणांनी केलंय हेपण विसरायला नको. घाटघरला वरच्या तलावातून पाणी सोडून २५० मेगावॉट तयार करतात आणि फालतू वीज असते तेव्हा तेच पाणी परत वर चढवतात, भिऱ्याला टाटांचं १५० मेगावॉटचं आहे. सह्याद्रीत असे आणखी बरेच प्रकल्प करायचे करार सरकारने केलेत. उंची आहे, पाऊस आहे, जागा तशी उत्तमच, पण डोंगर फोडा, जंगल खातं, पुनर्वसन, कोर्ट, दहा वर्षं कुठं गेली कळत नाही. बॅटरीचा कंटेनर ट्रकवरून उतरवला की काही महिन्यांत चालू.

बाकीच्या शोधांबद्दल थोडक्यात. फ्युजनची, म्हणजे अणू एकत्र जुळवून ऊर्जा काढायची, पुरवणीत मोठी चौकट होती. २०२२ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात लेझरने २.०५ मेगाज्यूल टाकून ३.१५ मेगाज्यूल काढले, कौतुकच आहे, पण ते लेझर चालवायला ग्रिडमधून ३०० मेगाज्यूलच्या आसपास ओढले होते हे चौकटीत नव्हतं. फ्रान्समध्ये चाललेल्या ईटर या फ्युजनच्या प्रकल्पात आपला देश भागीदार आहे, त्याचं ते अवाढव्य क्रायोस्टॅट, म्हणजे आतली यंत्रं अतिथंड ठेवणारं भांडं, एल अँड टीने गुजरातेत हजिऱ्याला बनवलं, अभिमान वाटतो, पण तिथलं खरं संशोधन सुरू व्हायची तारीख आता २०३४ वर गेलीय. १९५४ मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस म्हणाले होते की वीज इतकी स्वस्त होईल की मीटर लावायची गरज राहणार नाही. आमच्याकडं तर आता स्मार्ट मीटर बसायला लागलेत.

एआय येणारच, आलंच आहे. बारामतीला उसावर एआयचा प्रयोग चाललाय, सॅटेलाईट आणि मातीतले सेन्सर मिळून पाणी-खत कधी द्यायचं ते सांगतात, आमच्या इकडचे शेतकरी जाऊन बघून आले आणि खूश आहेत. पण मोबाईलने सांगितलं आत्ता पाणी द्या आणि थ्री फेज येणार रात्री अकराला, मग काय करायचं? शिवाय या एआयची डेटा सेंटरं नवी मुंबईत उभी राहतायत, ती दिवसरात्र वीज खातात, त्यांना रात्री कुठून देणार, म्हणजे फिरून गाडी परत बॅटरीवरच.

ज्याच्यामुळं माझा अंदाज पक्का झाला ते उदाहरण मात्र औषधाचं आहे. कॅन्सरवरची ती कार-टी सेल थेरपी, पेशंटच्याच रक्तातल्या पेशी काढून, बदलून परत सोडायच्या. अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा किंमत होती पावणेपाच लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने तीन कोटींच्या घरात. तेव्हा ती बातमी होती, आपल्या उपयोगाची नव्हती. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलवाल्यांनी इथं स्वतःची तयार केली, २०२३ ला मान्यता मिळाली, किंमत चाळीस लाखांच्या आसपास. अजूनही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे पण निदान जमीन विकून, वर्गणी काढून कुणीतरी विचार करू शकतो. माझ्या लेखी खरा शोध दुसऱ्यांदा लागला तो. बॅटरीचंपण तसंच होणार, ज्या दिवशी तालुक्याच्या दुकानात ती मिळेल, बिघडली तर तालुक्याचाच पोरगा दुरुस्त करेल आणि हप्त्यावर देणारा फायनान्सवाला बाहेर खुर्ची टाकून बसेल, तो दिवस.

दुरुस्तीवरून आठवलं, यात मला दोन गोष्टींची खरी काळजी आहे. एक म्हणजे नवीन बॅटऱ्या सीलबंद येतात, आत बीएमएस म्हणून सर्किट असतं ते कंपनीच्याच लॅपटॉपने उघडतं. एक सेल बसला तर अख्खा पॅक बदला म्हणतात. शिशाच्या बॅटरीला आम्ही सेल चेक करतो, ॲसिड बघतो, चार्जिंगला लावून जीव आणतो, नव्या बॅटरीत आम्हाला हात लावायची सोय नाही. आयटीआयला अजून याचा धड कोर्स नाही. तो हवा.

दुसरी काळजी भंगाराची. शिशाची जुनी बॅटरी रस्त्यावर पडलेली कधी बघितलीत? नाही बघणार, कारण शिशाला भाव आहे, गिऱ्हाईक जुनी आणतो, एक्स्चेंजमध्ये वजावट घेतो, भंगारवाला माझ्याकडून नेतो, शिसं वितळून परत बॅटरी. वितळवताना धूर आणि विष होतं ते वेगळं, पण माल परत येतो. सोडियमच्या बॅटरीत असं महाग काहीच नाही, तोच तिचा स्वस्तपणा, मग मेल्यावर तिला कोण विचारणार? २०२२ चे बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत, कंपनीनेच परत घ्यायची वगैरे, कागदावर सगळं आहे. पण जिथं भंगारवाल्याला चार पैसे सुटत नाहीत तिथं नियम कसे पाळले जातात ते आपण ओढ्यात जाऊन बघावं, प्लास्टिकचं बघतोयच. यावर सरकारने आधीच डिपॉझिटची पद्धत लावावी, बॅटरीमागे हजार-दोन हजार, परत आणली की परत. सोडावॉटरच्या बाटलीला चालायचं ते हिला का नाही चालणार.

आणि कारखान्यांचं काय ते पण एकदा विचारा तुमच्या दिल्लीच्या वार्ताहराला. २०२१ च्या मे महिन्यात केंद्राने १८,१०० कोटींची योजना मंजूर केली, देशात ५० गिगावॉट-अवरचे बॅटरी सेल बनवायचे म्हणून. ठरलेल्या वेळेच्या कितीतरी मागं आहे ते काम. सोलर पॅनेलला आपण हेच केलं, चीन पुढं गेल्यावर आपण जागे झालो. सोडियममध्ये अजून कुणी फार पुढं गेलेलं नाही, चीन आहे पण पोचलेला नाही, आत्ता पळालो तर सोबत राहू.

माझा धंदा या सगळ्यात बुडेल का, असं बायको विचारते. ट्युबलरचा नक्की बुडेल. मी हळूहळू लिथियम ठेवायला सुरुवात केलीय, सोडियमचा माल आला की तोही ठेवीन.

संपादक साहेब, एक विनंती आहे तेवढी मनावर घ्या. तुमच्या पेपरात रोज सोन्या-चांदीचा, कांद्याचा, तुरीचा भाव असतो. त्याच चौकटीत महिन्यातून एकदा तरी बॅटरीचा युनिटमागचा भाव छापत जा, लिथियमचा एक आणि सोडियमचा एक. जागा एका ओळीची लागेल.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक इन्व्हर्टर-बॅटरीवाला,
बार्शी, जि. सोलापूर

ता. क. : उडणाऱ्या टॅक्सीच्या चित्राखाली ‘एका चार्जमध्ये पुणे-मुंबई’ असं छापलंय, त्यात बॅटरी कुठली ते वार्ताहराला विचारून कळवावं, मला एजन्सी घ्यायचीय.